सोबत आवश्यक

मला राग लवकर येतो हे आमच्या पागेतल्या घोड्यांनाही माहीत आहे. पण त्या दिवशी सकाळी स्पर्धेच्या मैदानाच्या फाटकातून आमचा ट्रक आत शिरला तेव्हा मी शांत होते. हवं तर दादाला विचारा, ट्रक तोच चालवत होता. आज कुणाशी भांडायचं नाही असं मी घरून ठरवून निघाले होते, कारण आजचा दिवस बारकीचा होता.

बारकी म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. एकोणीस वर्षांची घोडी झाली, पण नाव पडलं ते पडलं. जन्मली वेळेच्या फार आधी आणि तेव्हापासून तिचे पाय तिचं ऐकत नाहीत. दोन कुबड्यांवर चालते, डावा हात आखडलेला आहे, आणि जीभ मात्र माझ्यावर गेली आहे. बाराव्या वर्षी मी तिला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं. मी त्या क्लबात मोतद्दार आहे. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, औषधं, सगळं माझ्याकडे. क्लबानं तेव्हा नुकताच एक उपक्रम सुरू केला होता: अपंग आणि धडधाकट स्वार एकाच रिंगणात, एकाच शिक्षकाकडे, एकत्र शिकणार. पहिल्या दिवशी अपंग म्हणून बारकी एकटीच आली होती. मी घोड्याच्या गळ्यातला दोर हातात धरला आणि चालायला लागले. पुढची चार वर्षं मी तो दोर सोडला नाही.

घोड्याचं कागदावरचं नाव भलतंच मोठं आहे. आम्ही त्याला शेठ म्हणतो, कारण तो आधी खातो, मग झोपतो आणि मग कामाचं बघू म्हणतो. पण बारकी पाठीवर असली की शहाण्यासारखा वागतो. तिचे पाय त्याला इशारा देऊ शकत नाहीत म्हणून ती दोन्ही हातांत एकेक छडी धरते आणि तिचं टोक नुसतं टेकवते. डावी टेकली की डावा पाय समजायचा, उजवी टेकली की उजवा. हे त्याला शिकवायला तिला आणि आमच्या शिक्षकांना तीन वर्षं लागली.

आता त्या कार्डाचं सांगते. प्रत्येक स्वाराला संघटनेचं एक पिवळं कार्ड असतं. बारकीच्या कार्डावर लाल शिक्का आहे, ‘सोबत आवश्यक’. तो शिक्का असेपर्यंत खुल्या स्पर्धेत नाव देता येत नाही. शिक्का काढायचा तर दोराशिवाय, रिंगणात कुणीही माणूस नसताना, शंभरात साठ गुण मिळवायचे. दिवसाला दोन संधी मिळतात, सकाळी एकटीची फेरी आणि दुपारी जोडीची. जोडीतही गुण ज्याचे त्याचे वेगळे. मागच्या तीन स्पर्धांमध्ये बारकीला पडले सत्तावन्न, अठ्ठावन्न आणि परत अठ्ठावन्न. तिन्ही वेळा परीक्षकांचा शेरा एकच, ‘घोड्याचं लक्ष बाहेर’. मी म्हटलं माश्या त्रास देत असतील. त्याच्या कपाळावर दोऱ्यांची झालर बांधली. झालर बांधूनही अठ्ठावन्नच.

आणि ही हंगामातली शेवटची स्पर्धा होती. शेठही एकोणीसचाच आहे. माणसात ते वय कोवळं, घोड्यात म्हातारं. डॉक्टर म्हणाले होते, हा हंगाम झाला की याला विश्रांती द्या. म्हणजे आज साठ नाही पडले, तर बारकीनं नव्या घोड्याला पहिल्यापासून छड्यांची भाषा शिकवायची. आणखी तीन वर्षं, आणि कार्डावर तोच शिक्का.

म्हणून मी शांत होते. पहिली दहा मिनिटं तरी.

मग बारकीला बाथरूमला जायचं होतं. अपंगांसाठीचं बाथरूम वेगळं केलेलं होतं, दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र सुद्धा होतं. आणि दाराखाली तीन पायऱ्या होत्या. मी त्या पायऱ्यांकडे बघत राहिले. चित्र लावायला जो माणूस आला असेल तो त्याच पायऱ्या चढून आला असेल, आणि त्याला काहीच वाटलं नसेल. दादानं माझा दंड धरला आणि म्हणाला, “तोंड आवर. आज नाही.” आम्ही दोघांनी बारकीला वर चढवलं.

घोड्यावर चढायचा लाकडी उतार त्यांनी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला होता. का, तर मुख्य पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर तो बरा दिसत नव्हता. हे मला संयोजकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, वर हसून सांगितलं. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो कप मी उडवला नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

आमच्या उपक्रमातला सुतार तोवर आपला घोडा घेऊन आला होता. सुतार म्हणजे खरंच सुतार, खिडक्या-दरवाजे करतो. चाळिशीत आल्यावर घोड्यावर बसायची हौस आली. तो बारकीचा जोडीदार. पहिल्या वर्षी तो इतक्या वेळा पडला, की बारकी त्याला म्हणायची, “अहो, आपल्यातलं अपंग नक्की कोण?” तो आला, संयोजकाचं बोलणं ऐकलं, आणि कुणाला न विचारता चौघांना गोळा करून तो उतार उचलून जवळ आणून ठेवला, बरोबर पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर.

बारकी चढली. मी रिकिबीला तिचे पाय रबरानं अडकवले, खोगिराचा पट्टा तपासला. निवेदक माईकवर सुरू झाला. आतापर्यंत तो माणूस बरा होता, घोड्याचं वय, स्वाराचा क्लब वगैरे सांगत होता. बारकीचा नंबर आला आणि त्याचा आवाज एकदम ओला झाला. “आता येत आहे एक धाडसी लेकरू! नियतीशी झुंजणारं! जोरदार टाळ्या!” मागून सनईसारखं काहीतरी रडकं संगीत लागलं. टाळ्यांनी शेठ दचकला, दोन पावलं आडवा गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाडसी काय? ती घोडा आधी चालीत, मग दुडकीत चालवणार आहे, वर्तुळ काढणार आहे, मधोमध थांबवून चार अंक मोजणार आहे. ते नीट काढलं का, एवढंच बघा ना!

रिंगणात कुणी यायचं नाही असा नियम आहे. कुंपणाबाहेरून चालायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही. मी नेहमी चालते. दोर सोडला त्या दिवसापासून मी कुंपणाच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं चालत आले आहे, न बोलता, हात मागे बांधून. सुतार एकदा म्हणाला होता, “आत्या, तुम्ही बसून बघा की.” मी म्हटलं, बसलं की माझे पाय दुखतात.

फेरी छान सुरू झाली. शेठची मान खाली, पाऊल मोकळं. पहिलं वर्तुळ अगदी ताटलीसारखं गोल. मी मनात गुण मोजत होते, सात, साडेसहा, सात. मग रिंगणाच्या लांब बाजूनं ती येत होती आणि मी बाहेरून, तेवढ्यात खुर्चीतली एक गॉगलवाली शेजारणीला म्हणाली, “अगं बाई, बिचारी. घरच्यांना तरी कशी हौस म्हणते मी. पडली-बिडली म्हणजे?”

मी जागच्या जागी थांबले. गर्रकन वळले आणि म्हणाले, “बिचारी कुणाला म्हणता? तुम्ही खुर्चीतून तरी नीट उठता का?”

ती काहीतरी पुटपुटली. मी आणखी दोन वाक्यं ऐकवली, ती इथे नको. आणि परत वळून बघते तर शेठ थांबलेला. जिथे थांबायचं कारणच नाही अशा ठिकाणी, लांब बाजूच्या मध्यावर, चार पाय रोवून. बारकीच्या छड्या टेकत होत्या, डावी, उजवी, दोन्ही. तो ढिम्म. मी घाबरून कुंपणाशी दोन पावलं पुढे झाले, तेव्हा कुठे साहेब निघाले. बारकीनं उरलेली फेरी दात खाऊन पुरी केली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घोडा बंद पडला तरी टाळ्या!

छपन्न.

सुतार गुण ऐकून माझ्याकडे बघत राहिला. मला तेव्हा त्याचाही राग आला. मी थेट परीक्षकबाईंच्या टेबलाशी गेले. पांढऱ्या केसांची, काटक बाई. मी सगळं बाहेर काढलं: पायऱ्या, उतार, संगीत, टाळ्या, गॉगलवाली. त्या शांतपणे म्हणाल्या, “प्रेक्षक बोलले म्हणून घोडा थांबला, हे मी गुणांत कसं धरणार?”

त्यानंतर मी जे बोलले ते माझ्याच तोंडातून आलं यावर मला अजून विश्वास बसत नाही. मी टेबलावर हात टेकले आणि म्हणाले, “बाई, पोरगी अपंग आहे. जन्मापासून भोगते आहे. एवढं तरी बघा.” डोळ्यांत पाणी सुद्धा आणलं. म्हणजे ते आलं होतं रागानं, पण मी ते पुसलं नाही.

परीक्षकबाईंनी माझ्याकडे बघितलं, संयोजकाला बोलावलं, दोघं कुजबुजले. मग त्या म्हणाल्या, “विशेष बाब म्हणून जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फेरी घेऊ.” बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी गड जिंकल्यासारखी सरावाच्या मैदानावर आले. बारकी अजून शेठवरच बसलेली होती, सुतार शेजारी उभा. मी लांबूनच ओरडले, “मिळाली परत संधी! जेवणाच्या सुट्टीत!”

“कशी मिळाली?” बारकीनं विचारलं.

“विशेष बाब म्हणून.”

“तू त्यांना काय सांगितलंस?”

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण बारकीसमोर टिकत नाही. मी सांगितलं. शब्द जरा मऊ करून सांगितले, पण ती मऊ शब्दांना भुलणारी नाही.

तिचा चेहरा लाल झाला. मी तिला रडताना पाहिलं आहे, ऑपरेशननंतर दुखण्यानं तळमळताना पाहिलं आहे. असं पाहिलं नव्हतं. “त्या माईकवाल्यात आणि तुझ्यात काय फरक उरला, आत्या? त्याला निदान मी माहीत नाही. तुला माहीत आहे!”

“अगं पण चूक त्या गॉगलवालीची—”

“त्या बाईचा काडीचा संबंध नाही! शेठ तिच्यामुळे नाही थांबला. तू थांबलीस म्हणून तो थांबला.”

“काहीतरीच काय.”

“सुतारकाका, सांगा तिला.”

सुतार जमिनीकडे बघत म्हणाला, “आत्या, मला बरेच दिवस वाटत होतं. आज तर अगदी समोर दिसलं.”

“तू चालून बघ,” बारकी म्हणाली. “आत्ता. कुंपणाच्या बाहेरून चाल.”

तिनं लगाम खोगिरावर टाकला, दोन्ही छड्या सुतारकडे दिल्या आणि हात वर केले. मी कुंपणाबाहेर गेले, हात मागे बांधले आणि निघाले. शेठ निघाला. मी पाय उचलले, त्यानं दुडकी धरली. मी हळू झाले, तो हळू झाला. मी थांबले.

तो थांबला. मान वळवून माझ्याकडे बघायला लागला, कान पुढे करून, आता काय, म्हणून.

सत्तावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, छपन्न. घोड्याचं लक्ष बाहेर. बाहेर कोण होतं? मी होते. दोर मी फक्त हातातून सोडला होता. चार वर्षं शेठ माझ्या पावलांबरोबर चालला, आणि पुढची तीन वर्षं मी त्याला ते विसरूच दिलं नाही. आणि वर माश्यांना दोष देऊन त्याच्या कपाळाला झालर बांधली! जगभरच्या लोकांना शिव्या घालत फिरत होते, की पोरीला पोरीसारखं का वागवत नाही, आणि तो लाल शिक्का खरा ठरवत होते मी. मला स्वतःचा इतका राग आला की कुंपणाची फळी लाथेनं मोडावी असं वाटलं. मोडली नाही. शेठ दचकला असता.

“मला कळलं नव्हतं गं,” मी म्हटलं.

“मलाही आजच कळलं. त्याचा मला राग नाही,” बारकी म्हणाली. “परीक्षकबाईंकडे जे केलंस त्याचा आहे. जा आणि त्यांना सांग, मला विशेष बाब नको. जोडीची फेरी आहे, ती मी काढेन. आणि त्या वेळी तू तिथे असायचं नाहीस.”

“मी खुर्चीत बसते. हलणार नाही.”

“तो तुला शोधेल. तू ट्रकमध्ये बस. दार लावून.”

मी परीक्षकबाईंकडे गेले. त्या टेबलाशी जेवत होत्या. मी म्हटलं, “माझ्या भाचीनं सांगितलंय, विशेष बाब नको. आणि मी मघाशी बोलले ते चुकीचं बोलले.” आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्यांनी घास गिळला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. “बरं झालं,” म्हणाल्या. “जोडीत ती जशी चालवेल तसे गुण देईन.” मी म्हटलं, तेवढंच हवंय.

जाता जाता निवेदकाच्या खोलीत डोकावले. त्याला म्हटलं, “दुपारी ते संगीत लागलं ना, तर वायर मी तोडेन.” हे बारकीनं सांगितलेलं नव्हतं. एकदम किती सुधारणार माणूस?

ट्रक रिंगणाच्या आखूड बाजूला, फळ्यांच्या कुंपणाला जवळजवळ चिकटून उभा होता. मी मागे घोड्यांच्या जागेत चढले. आत पेंढा, शेठची बादली, शेणाचा वास. दादा दार लावायला आला. त्याचा चेहरा गंभीर होता, पण मिशीच्या टोकाला काहीतरी हलत होतं.

“कडी बाहेरून लावू का?” त्यानं विचारलं.

“लाव.”

कडी पडली. खिडक्या छताजवळ, हाताच्या पंजाएवढ्या. दिसत काही नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. निवेदकानं दोन घोड्यांची वयं सांगितली, क्लबाचं नाव सांगितलं आणि गप्प बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग वाळूवर पावलं आली, दोन घोड्यांची, जवळजवळ.

शेठ दुडकीत घुंघुं करतो. दर पावलाला छातीतून एक हुंकार काढतो, जसं काही सगळा बोजा त्याच्या एकट्याच्याच पाठीवर आहे. दहा घोड्यांत मी तो ओळखेन. तो आला, ट्रकजवळून गेला, लांब गेला. परत आला. शेजारून सुतारच्या घोड्याची जड पावलं. घुं, घुं, घुं. आता वर्तुळ. आता लांब बाजू, सकाळी जिथे तो अडला ती.

मला खाली पेंढ्याची खसखस ऐकू आली. बघते तर माझे पाय चालत होते. ट्रकच्या आत, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, हात मागे बांधलेले, त्याच्या तालावर. बंद दाराआड, कुणी बघत नसताना, मी अजून त्याला ओढतच होते.

थांबायचं होतं, पण पाय थांबेनात. मनातली एक मूर्ख बाई सांगत होती की तू थांबलीस तर तो थांबेल, पोरगी तिथेच अडकेल, चालत राहा. मी त्या बाईला आजवर कुणाला दिली नाही अशी एक शिवी दिली. लोखंडी आडवा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दोन्ही पाय पेंढ्यात रोवले.

मी थांबले.

बाहेर घुं, घुं, घुं. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावरून वळून. तो पुढे गेला.

मी तशीच दांडा धरून उभी राहिले. नंतर बाहेर सगळं शांत झालं, मधोमध थांबायची वेळ झाली असणार. मी मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग टाळ्या आल्या. फार नाही, जितक्या सुतारला पडतात तितक्याच.

बऱ्याच वेळानं दाराच्या पत्र्यावर कुबडीचा ठोका पडला. दादानं कडी काढली. उजेडात बारकी उभी होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले. मागे सुतार दोन्ही घोडे धरून उभा. मी तोंड उघडलं, पण तिनं मला बोलू दिलं नाही.

“त्रेसष्ट,” ती म्हणाली. “आणि मी अजून रागावलेली आहे.”

“राहा,” मी म्हटलं. “राग हक्काचा आहे.”

“मग उभी काय राहिलीस? शेठ तहानलाय. त्याला पाणी पाज. ते तुझं काम आहे.”

मी बादली उचलली आणि ट्रकमधून खाली उतरले.